काळजाला गुण किती?

मंडळी, डोकं फिरलंय माझं!

आज मेहकरला रॉक गिटारच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो. एकानं बोटं इतकी भरभर पळवली की नजर ठरेना. लोक मात्र मोबाईल बघत बसले.

मग जानेफळची सुजाता आली. शिवणकाम करते ती. संथ वाजवलं, दोनदा चुकली. पण एक सूर असा ताणला की हॉल चिडीचूप. पुढच्या रांगेतली मावशी डोळे पुसत म्हणाली, "मी काऊन रडून राह्यली, मलेच समजत नाही!"

सोबतचे परीक्षक म्हणाले, "स्पीड कुठी हाय? कागदावर रडण्याचा रकाना नाही."

पहिला नंबर स्पीडला गेला.

त्या निकालावर मुकाट सही करणारा मीच, अन् आता इथं बोंबलणाराही मीच. सांगा, शिव्या कोणाले देऊ?