शालीकरामची गाळातली वाट

उन्हाळी धानाला पाणी सोडलं की चैत्रापर्यंत आमचा तलाव खाली जातो आणि मधल्या बेटावरच्या मातामायच्या देवळापर्यंत नुसता गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, आत कमरेइतका खोल. पावसाळ्यात गाळ जागा बदलतो, म्हणून जत्रेसाठी दरवर्षी घट्ट जमिनीची नवी वाट शोधावी लागते. हा मान शालीकरामचा.

एरवी या साठीच्या गृहस्थाला घरात स्वतःची चप्पल सापडत नाही. पण जत्रा जवळ आली की चाल बदलते. वाट कशी कळते असं विचारलं, तर तो चिमूटभर गाळ हुंगतो, डोळे अर्धे मिटतो आणि म्हणतो, "अनुभव."

अनुभवाचं नाव भुरी. ही त्याची म्हैस. बेटावरच्या हिरव्या गवतासाठी ती भल्या सकाळी गाळ तुडवत निघते आणि शालीकराम तिच्या खुरांमागे बांबूच्या खुंट्या रोवत जातो. एवढं धूड जिथे बुडत नाही, तिथे माणूस काय बुडणार?

यंदा जत्रा आठ दिवसांवर असताना त्याच्या बायकोने, चंद्रकांताबाईंनी, गुलाबचंद व्यापाऱ्याला अंगणात बोलावलं. भुरी दोन वर्षांपासून भाकड होती. शालीकरामने ती पुन्हा दूध देईल असं सांगितलं, घरची लक्ष्मी आहे असं सांगितलं, निदान जत्रेनंतर विका म्हणून विनवलं. बाईंकडे प्रत्येकाला उत्तर होतं. गुलाबचंदने दावं सोडलं, तेव्हा शालीकरामने बायकोला गुरांच्या कोठ्यामागे नेलं आणि बारा वर्षांचं गुपित ओकून टाकलं.

बाईंनी डोक्यावरचं घमेलंही उतरवलं नाही.

"मले सांगून राहिले का, चेतनाचे बाबा? दर खुंटीजवळ शेण पडलं रायते. गावाले काय दिसत नाही?"

"मंग आजवर कोनी बोललं काऊन नाही?"

"तुमी माती हुंगता ना, ते पाहाले लोकं येतेत."

भुरी राहिली, पण बाईंच्या अटीवर: यंदा तिने हार घालून सगळ्यांदेखत पुढे चालायचं. शालीकराम पडेल चेहऱ्याने कबूल झाला.

जत्रेला पुढे भुरी, मागे शालीकराम, त्यामागे चारशे माणसं आणि ढोल. अर्ध्या वाटेत भुरीला बाजूचा ओला गाळ आवडला आणि ती हारासकट त्यात ऐसपैस बसली. ढोल थांबला. सगळे शालीकरामकडे पाहू लागले.

त्याने कपाळावर हात धरून बेटाकडे पाहिलं, मग मागे वळून शांतपणे सांगितलं, "जरासाक दम घ्या. इथं थांबाच लागते."

चारशे माणसं थांबली.