भिंतीपलीकडची गिरणी

ताईने आपला कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी जुळवला होता. पेटी कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेली, आतले भाग इकडून तिकडून जमवलेले, आणि पंखा दुकानदाराने "न्या हो ताई, असाच पडलाय" म्हणून दिलेला. फुकटचा पंखा फुकटच्यासारखाच वागायचा. बटण दाबलं की आधी खरखर, मग घरघर, आणि मोठी फाइल उघडली की पेटीचा पत्रासुद्धा त्याच्या साथीला थडथडायचा. धाकटा भाऊ आला की दारातूनच ओरडायचा, "ताई, गिरणी जोरात दिसतेय. आमचंही दळण टाकू का?" तेव्हापासून त्या यंत्राला घरात गिरणीच म्हणू लागले.

ताई पुस्तकांची पानं लावायची. लेखकाचा मजकूर आला की अक्षरं बसवायची, ओळी सारख्या करायच्या, चित्रं जागच्या जागी टाकायची आणि छापखान्याला पाठवायचं. आधी ती छापखान्यातच नोकरीला होती. आईची दृष्टी काचबिंदूने गेली, तेव्हा एक शेजारीण दुपारची सोबतीला येऊन बसायची. एकदा आई तिला आपल्या लहानपणची मोठी गोष्ट रंगवून सांगत होती. सांगून झाली, तरी समोरून हूं नाही की चूं नाही. शेजारीण केव्हाच उठून घरी गेली होती. संध्याकाळी ताई आली तेव्हा आई खाटेवर अंग चोरून बसली होती. "अगं, मी रिकाम्या खुर्चीशी बोलत होते," एवढंच म्हणाली, आणि तिला इतकी लाज वाटली की दोन घाससुद्धा तिने नीट खाल्ले नाहीत. ताईने नोकरी सोडली आणि गिरणी बाहेरच्या खोलीत, मधल्या भिंतीला टेकवून मांडली. आईची खाट आतल्या खोलीत, त्याच भिंतीला लागून.

आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवून दोन मुलं वाढवली होती. ताई तान्ही असताना तिचा पाळणा शिवणयंत्राशेजारीच असायचा. यंत्र चालू असेतोवर पोर गाढ झोपायची आणि ते थांबलं रे थांबलं की भोकाड पसरायची. "कापड बेतायला उठायची चोरी होती मला," आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "शेवटी दोरा न ओवताच नुसती पाय मारत बसायचे. या बाईसाहेबांची झोप व्हायला हवी ना!" ही गोष्ट ताईने इतक्या वेळा ऐकली होती की ती सुरू झाली की ताई पुढचं वाक्य आधीच बोलून टाकायची.

घोडं अडलं ते आईच्या झोपेवर. डॉक्टर म्हणाले, यांची रात्रीची झोप अजिबात होत नाही, रक्तदाब त्यामुळेच चढतोय, घरात जरा शांतता ठेवा. ताईच्या डोळ्यांसमोर गिरणी उभी राहिली. आई दुपारी भिंतीवर हात टेकून पडलेली असायची, तेही तिने पाहिलं होतं. भिंतीची थरथर डोक्याला लागू नये म्हणून बिचारी मध्ये हात धरत असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

"आई, आवाजाचा त्रास होतो ना गं?"

"असू दे गं. तुझं काम आहे ते," आई म्हणाली.

आईने आयुष्यात कशाची तक्रार केली होती, म्हणून आता करणार! ताईने पदरचा अर्थ लावला आणि कामाला लागली.

आधी तिने पेटी उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढली. इतकी धूळ निघाली की शिंकून शिंकून बेजार झाली. पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद सोलून आईच्या शिवणयंत्राच्या तेलाचे थेंब आत सोडले. घरघर थोडी उतरली, पण थडथड तशीच. मग तिने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून स्क्रूखाली बसवल्या आणि पत्र्याला आतून फोम चिकटवला. शेवटी दुकान गाठलं.

"मोठा पंखा द्या. हळू फिरणारा."

"ताई, पंखा आहे तो. वारा घालायचा म्हणजे थोडं बोलणारच."

"मला मुका हवाय," ताई म्हणाली.

मुका पंखा मिळाला. जुना तिने आईच्या शिवणाच्या बटणांच्या डब्यात टाकला. त्या दिवशी तिने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही असं वाटून पुन्हा दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात पडदा उजळला. ताईला आपल्याच हातांचं इतकं कौतुक वाटलं की तिने भावाला फोन केला. "ऐक," म्हणाली, आणि फोन पेटीला लावला. "काहीच ऐकू येत नाही," भाऊ म्हणाला. "तेच तर!" ताई हसली.

पण आईचं काहीतरी बिनसलं. ती सारखी हाका मारू लागली. "आहेस का गं?" "आहे." जरा वेळ जातो न जातो तोच, "गेलीस का गं?" "आई, इथेच आहे." एका जाड पुस्तकाचं काम अंगावर होतं, छापखाना घाई करत होता, आणि दर ओळीला हाक. ताईच्या नाकी नऊ आले.

"अगं, तुझ्या झोपेसाठी एवढा खटाटोप केला आणि तू सारखी हाका कसल्या मारतेस? तुला सोडून कुठे जाणार आहे मी? जरा काम करू देशील की नाही?"

"नाही मारत," आई म्हणाली.

आणि खरंच तिने हाका मारणं बंद केलं. ताईला वाटलं, चला, एकदाचा डोळा लागायला लागला.

त्या दुपारी ताई एक चित्र पानात बसवत होती. आत काहीतरी जोरात आपटलं. ती धावली. आई दोन खोल्यांमधल्या उंबऱ्याला अडखळून पडली होती, एक हात अजून भिंत चाचपत होता.

"आई! उठलीस कशाला? हाक नाही का मारायची?"

"तू रागावशील म्हणून." आईला बोलवत नव्हतं. "मला वाटलं, तू गेलीस."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आईची छाती कफाने भरली आणि दवाखान्यातून सुटका लांबत गेली. वॉर्डात सतत माणसांचा राबता, भांड्यांचे, चपलांचे आवाज. त्यात आई शांत पडलेली असायची. एक दिवस ताई तिचे केस विंचरत होती, तेव्हा तिने विचारलं, "तुझी गिरणी बिघडली का गं?"

"नाही. का?"

"आवाजच येत नाही हल्ली. ती चालू असली की कळायचं, तू भिंतीपलीकडे आहेस. दुपारी हात लावला की हातालाही लागायचं. मग छान डोळा लागायचा. रात्री तू बंद केलीस की मी आपली जागी."

ताईच्या हातातला कंगवा तसाच राहिला. जी गोष्ट तिला तोंडपाठ होती, तीच तिला कळली नव्हती. पाळण्यात झोपलेली ती स्वतःच होती, आणि तरी कळली नव्हती. तिला रडू फुटलं. आईने चाचपडत तिचं तोंड पुसलं. "रडतेस काय वेडे? घरी गेलं की लाव पुन्हा."

दुसऱ्या दिवशी भाऊ आईजवळ बसला आणि ताई घरी आली. तिने फोम ओरबाडून काढला, रबराच्या चकत्या काढल्या, मुका पंखा उपसला. बटणांच्या डब्यातून जुना पंखा काढून त्याचं तेल कापसाने टिपून घेतलं, म्हणजे पहिल्यासारखा घरघरेल. पत्र्याचा एक स्क्रू मुद्दाम सैल ठेवला. बटण दाबलं. आधी खरखर, मग घरघर, मग थडथड. काम काहीच नव्हतं, तरी गिरणी फिरत राहिली.

आतपर्यंत नीट ऐकू जातं का ते बघायला ती आईच्या खाटेवर जाऊन आडवी झाली आणि भिंतीला हात लावला. हाताला लागत होतं. उद्या आईला सांगायचं, झालं सगळं पहिल्यासारखं, असं ती ठरवत होती. दवाखान्यातल्या जागरणांनी अंग मोडून आलं होतं. तिला कधी झोप लागली ते कळलंच नाही. पिशवीतला फोन वाजून वाजून थकला, तोही त्या घरघरीत ऐकू आला नाही.

ती दचकून जागी झाली, कारण आवाज थांबला होता.

"आई?" तिने हाक मारली.

दारात भाऊ उभा होता. आपलं बोलणं ऐकू यावं म्हणून त्याने बाहेर गिरणी बंद केली होती, आणि आता त्याला बोलता येत नव्हतं.