भूतबंगल्यातला हात

आमच्या काकांना सगळी गल्ली भूतकाका म्हणते, आणि त्यांना त्याचा कोण अभिमान! आमच्याकडचं अम्यूझमेंट पार्क चालू होतं तोवर तिथल्या भूतबंगल्यातलं भूत म्हणजे तेच. माणसं छोट्या डब्यात बसून अंधारातून जायची आणि शेवटच्या वळणावर काका काळ्या पडद्याआडून हात काढून एखाद्याच्या खांद्यावर ठेवायचे. ओला रबरी हातमोजा घालून. बस्स, एवढंच काम. पण सांगताना असं सांगायचे, की जणू अख्खं पार्क त्या एका हातावर उभं होतं.

मग पार्क बंद झालं, राइड्स भंगारात गेल्या आणि लोकांना एकदम त्यांचा उमाळा आला. चालू होत्या तेव्हा तिकीट महाग म्हणून कुरकुरणारेच आता डोळे पुसतात. मला काही हे कळत नाही. असो. अशाच हौशी मंडळींनी एक मेळावा भरवला आणि काकांना बोलावलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, हातमोजा खिशात घेतला. सोबतीला मी गेले.

तिथे जो तो भूतबंगल्याबद्दलच बोलत होता. एकाला छताला लोंबकळणारी लाल डोळ्यांची बाई आठवत होती. दुसरीला सांगाडा आठवत होता, तो म्हणे डब्यामागे धावायचा.

"सांगाडा नव्हता गं," काका माझ्या कानाशी पुटपुटले. "बाई पण नव्हती. की होती?"

"मला काय विचारता? नोकरीला तुम्ही होतात!"

मग काकांना बोलायला उभं केलं. त्यांनी हातमोजा वर धरला. "शेवटच्या वळणावर खांद्यावर हात पडायचा. आठवतो ना?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. "हात?" मागून कुणीतरी म्हणालं. "हात नव्हता बुवा." टाळ्या मात्र जोरात वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा असा संताप आला! काका हातमोजा तसाच हातात धरून खाली उतरले.

घरी काकू मटार सोलत बसली होती. काका चपला न काढताच तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून म्हणाले, "मग लोक ओरडायचे ते कशाला? मी तिथे होतो की नव्हतो?" ते खरंच विचारत होते. मला रडू यायला लागलं.

"होतात की," काकू म्हणाली. "माझ्या उजव्या खांद्यावर ठेवलात. थंडगार हात होता."

"तू? तू कधी बसलीस?"

"लग्न झाल्यावर लगेच. तुम्ही काम काय करता ते धड सांगतच नव्हतात. म्हटलं, आपणच बघून यावं."

"मग बोलली नाहीस ती?"

"काय बोलणार? घरी येऊन तुम्हीच सांगत सुटलात, आज एक बाई अशी किंचाळली, अशी किंचाळली…"

काका बघतच राहिले. ती किंचाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना कितीदा तरी करून दाखवली होती. "म्हणजे ती तू? एवढी घाबरलीस?"

"छे! पुढच्या डब्यातले खिदळत होते. म्हटलं, आपल्या माणसानं हात ठेवलाय, कुणीतरी नीट ओरडायला नको?"

काका हातमोज्याकडे बघत होते. खूश व्हावं की रुसावं, त्यांना काही ठरवता येईना.

"पण अंधार होता," ते शेवटी म्हणाले. "वर हा हातमोजा. मी आहे हे तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं?" काकू म्हणाली आणि सालं गोळा करायला लागली.