डोळ्यांतले दोन ठिपके

पडद्यावर कोणाचाही चेहरा उघडला की ती आधी डावा तळहात उभा धरून त्याचा अर्धा भाग झाकायची. उरलेला अर्धा नीट बघायची, मग हात सरकवून दुसरा. एकाच माणसाला दोनदा भेटल्यासारखं. त्याशिवाय ती माउसला हात लावत नसे. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून "ताई, जरा गोरी करा" म्हणालं, की माझ्याकडे वळून हळूच म्हणायची, "नाना, शे तशी ऱ्हाऊ द्या ना."

मी राहू देत नसे.

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. तुमच्यापैकी कोणी लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढून घेतला असेल, तर आमची रीत तुम्हाला माहीत असेलच. रंग दोन पायऱ्या वर, नाक बारीक, डाग साफ, दोन्ही डोळे सारखे. ही चार कामं झाली की फोटो पाकिटात जातो. पाचवं काम माझं स्वतःचं. दोन्ही बुबुळांत, घड्याळात दहाचा आकडा असतो त्या जागी, एकेक पांढरा ठिपका. निगेटिव्हवर कुंचल्याने काम करायचो तेव्हा उस्तादाने शिकवलं होतं, त्याने डोळ्यांत जीव येतो म्हणून. पुढे कॉम्प्युटर आला, कुंचला गेला, ठिपका राहिला. हात आपोआप तिथे जातो.

ती माझ्याकडे कामाला पुरुषोत्तमनगरहून यायची. वडील कारखान्यात होते. कॉलेज नुकतंच संपलेलं, अंगावर साधा पंजाबी ड्रेस, डब्यात रोज ठेचा. टचिंगचं काम तिने महिन्याभरात उचललं, पण ते तिच्या मनासारखं कधीच नव्हतं. मी सांगितलं तेवढंच करायची. मी दहा सांगितलं तर सात करायची आणि झालं म्हणायची. एकदा धानोऱ्याच्या एका मुलीच्या कपाळावरची लहानपणीची खोक मी पुसायला सांगितली, तर म्हणाली, ती पडली तेव्हा तिच्या आजोबांनी तिला दोन कोस खांद्यावरून दवाखान्यात नेलं होतं, आत्ताच सांगत होती, तिलाच विचारा ठेवायची का ते. मुलीला विचारलं. मुलीने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. खोक गेली.

दुपारी तीन तास स्टुडिओ रिकामा असतो. त्या वेळात कोपऱ्यातला मोठा कॉम्प्युटर तिने माझ्याकडून मागून घेतला होता. कुठून कुठून बघून ती गेममधली माणसं घडवायला शिकली. मातीचा गोळा थापावा तसं ती पडद्यावर डोकं थापायची, त्याला हाड द्यायची, हाडावर मांस. मला त्यातलं फार कळत नव्हतं. मी खुर्ची मागे ओढून बघत बसायचो आणि चहा तिच्याही वाट्याचा सांगायचो. माझ्या पोटी मुलगी नाही. असती तर अशी असती, असं मी एकदा बायकोला बोलून गेलो होतो. हे इथे सांगतोय, कारण पुढे जे केलं ते मी परक्या माणसाशी केलेलं नाही.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने तिला काम दिलं. मोबाईलवरचा गेम होता. एक बाई डोंगर चढत, नाले ओलांडत वाड्यापाड्यांवर औषधाची पेटी पोचवते. त्या बाईला घडवायचं काम हिचं. दोन महिने ती त्या चेहऱ्यावर होती. चेहरा उघडायची, हात धरायची, अर्धा झाकायची. चेहरा सावळा. नाक पसरट. गालांवर वांग. डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली आलेली, दुपारची झोप अर्धवट राहिल्यासारखी. दंड कामाच्या बाईचे. मी म्हटलं, हिरोईन आहे ना गं ही? ती म्हणाली, "व्हय. मंग?"

गेम आला आणि पंधरा दिवसांत भांडण पेटलं.

खेळणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप होता. तिनेच मला त्यात घातलं होतं, कौतुकाने. मी तिथे वेगळ्या नावाने होतो, सगळेच असतात. आधी थट्टा आली. हिरोईन आहे की हिरोईनची मावशी. दिवसभर कॉलेजात खऱ्या बायका बघतो, गेममध्ये तरी चांगली द्या. कोणी बाहेरच्या गेममधल्या बारीक कमरेच्या बायका आणून हिच्या शेजारी लावल्या. मग दुसरी बाजू उठली. एका मुलीने लिहिलं, हिचं नाक माझ्यासारखं आहे, मी पहिल्यांदा आरशात न बघता स्वतःला पाहिलं. तिला उत्तर आलं, मग आरसाच खेळ. कोणी म्हणालं, सुंदर असणं हा काय गुन्हा आहे का. कोणी म्हणालं, डोंगर चढणाऱ्या बाईला वांग नसेल तर कोणाला असेल. शेजारच्या साडीच्या दुकानाचे शेठ तिच्या खुर्चीमागे उभं राहून बघून गेले आणि हसत म्हणाले, "बेटा, मेरी दुकान की पुतली भी इससे गोरी है." ती म्हणाली, काका, तुमच्या पुतळीला हात कुठे आहेत. शेठ मान हलवत गेले. त्या आठवड्यात ती एवढंच काय ते हसली.

कंपनी घाबरली. खेळणाऱ्यांची नाराजी त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी तिला कळवलं, आठ दिवस बघू. वाद निवला तर चेहरा राहील, नाहीतर बदलू. त्या आठ दिवसांत ती जेवायची नाही. डबा उघडून ठेवायची आणि फोनवर कमेंटी वाचत राहायची. चेहऱ्याच्या बाजूने कोणी बोललं की मला वाचून दाखवायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, नाना, वाटतंय राहील.

सहाव्या दिवशी ती पोस्टात गेली होती. तिची फाईल उघडी होती.

वाद मिटावा म्हणून केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. थोडा उजळ केला तर दोन्ही बाजू गप्प बसतील, पोरीचं काम टिकेल. ती सबब मी नंतर शोधली. खरं असं की त्याच सकाळी तिने मला सांगितलं होतं, चेहरा राहिला तर कंपनी तिला कायमची घेणार, मग टचिंगला दुसरं कोणी बघा. खरं असंही, की पाच वर्षं ती माझ्याच दुकानात बसून माझ्या कामाला 'ऱ्हाऊ द्या' म्हणत होती आणि आता हजारो लोक तिच्यासारखंच म्हणायला लागले होते. ती बरोबर ठरली, तर आयुष्यभर मी काय करत आलो? मी खुर्चीत बसलो. वीस मिनिटं लागली. रंग, नाक, डाग, पापणी. मग ते चित्र ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "असं असतं तर?"

ती परत येईपर्यंत ते पसरलं होतं. हेच, हेच, असं लोक लिहीत होते. कमरेचं काम दुसऱ्या कोणीतरी करून टाकलं. जे परवापर्यंत मूळ चेहऱ्याच्या बाजूने भांडत होते, त्यांतलेही काही म्हणाले, हा मधला मार्ग बरा आहे. दुसऱ्या दिवशी कंपनीने तेच चित्र तिला पाठवलं आणि कळवलं, याप्रमाणे घडवून द्या.

तिने ते पडद्यावर मोठं केलं. मी काउंटरवर पाकिटांवर शिक्के मारत होतो. मागे वळून बघायची हिंमत नव्हती, पण समोरच्या आरशात ती दिसत होती. तिने तळहात उभा धरला. उजवा अर्धा पाहिला. डावा अर्धा पाहिला. मग हात खाली घेतला आणि चित्रातले डोळे मोठे केले, अजून मोठे, इतके की पूर्ण पडद्यावर एकच बुबुळ राहिलं. त्यात, दहाच्या आकड्याच्या जागी, पांढरा ठिपका.

"नाना, हाई तुम्हनं काम शे का?"

मी म्हटलं, "छे. हल्ली कोणालाही जमतं हे."

शिक्का हातातच होता. मी तो पुन्हा पाकिटावर मारला, एकाच जागी दुसऱ्यांदा. तिने ते पाहिलं.

ती उठली नाही. पर्समधून एक जुनं पाकीट काढलं आणि त्यातला फोटो माझ्यासमोर ठेवला. पोस्टकार्ड आकाराचा, मागे माझ्या स्टुडिओचा शिक्का. साडीतली गोरी, बारीक नाकाची मुलगी. मी ओळखली नाही. वर्षाला शेकडो मुली अशाच निघतात माझ्याकडून, एकमेकींच्या बहिणी असल्यासारख्या.

"मन्ही मोठी बहीण शे हाई," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता. धुळ्याकडची मंडळी हा फोटो घेऊन बहिणीला बघायला आली होती. ही तेव्हा शाळेत होती, पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. मुलाच्या आत्याने फोटो उचलून बहिणीच्या गालाशेजारी धरला, दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, फोटोतली मुलगी कुठं आहे? सगळे हसले. बहीणही हसली, काय करणार. त्या दिवसानंतर तिने कॅमेऱ्यासमोर तोंड दिलं नाही. पुढे कोरीटच्या एका शेतकऱ्याने फोटो न मागता तिला केली, संसार बरा चालला. पण लग्नाच्या अल्बमातही ती प्रत्येक ठिकाणी मान फिरवून उभी आहे. खोटा सोडला तर घरात तिचा एकही फोटो नाही. म्हणून हिने आठवणीतून तिचा चेहरा घडवला होता. गेम आला त्या दिवशी कोरीटला जाऊन तिला फोनवर दाखवला. बहिणीने पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, पापणी पण घातली का गं मेले.

हे सांगून ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. ती मला आणखी एक संधी देत होती, एवढं मला तेव्हाही कळलं. मी म्हटलं, "फार वाईट झालं बघ. लोक काहीही करतात."

"बरं," ती म्हणाली.

तिने फोटो पाकिटात घातला, डबा पिशवीत टाकला, कॉम्प्युटर बंद केला. जाताना नेहमीप्रमाणे "येस मी, नाना" म्हणाली, येते म्हणून. पुन्हा आली नाही. तो चेहरा घडवायला तिने नकार दिला, कंपनीने दुसऱ्या कोणाकडून करून घेतला. कोणी म्हणतं ती पुण्याला आहे, कोणी म्हणतं बंगळुरूला. माझ्या फोनमध्ये तिचा नंबर आहे. मी लावलेला नाही.

गेल्या जूनमध्ये एक बाई शाळेच्या फॉर्मसाठी मुलीचा फोटो काढायला आली. डोक्यावर पदर, सावळा चेहरा, गालांवर वांग. तिने वर पाहिलं तेव्हा डावी पापणी जराशी खाली होती. दोन महिने तो चेहरा मी रोज बघितला होता. बारा वर्षांपूर्वी तो माझ्याच स्टूलवर बसला होता. या वेळी ओळखला.

तिला काही माहीत नव्हतं. धाकटीने घरी या बाबतीत माझं नाव घेतलं नव्हतं. नमस्कार करून बाई म्हणाली, बहीण तुमच्याकडेच शिकली ना. मुलीला स्टूलवर बसवलं, फोटो काढला, आणि मग, का ते मला सांगता येणार नाही, मी बोलून गेलो. गेममधला तुमचा चेहरा मी बदलला. धाकटीने विचारलं तेव्हा नाही म्हणालो.

मुलगी स्टूलवर गोल गोल फिरत होती. मग बाईने विचारलं, काय काय बदललं? मी सांगितलं. रंग, नाक, वांग, पापणी.

ती बोटांवर धरत होती. चार बोटं झाली.

"तवयबी हाईच चार व्हतं," ती म्हणाली, तेव्हाच्या स्वतःच्या फोटोबद्दल.

मी मान खाली घातली. पडद्यावर मुलीचा फोटो उघडा होता. तिचीही डावी पापणी तशीच आहे. माझा हात माउसवर होता, तो कधी तिथे गेला ते मला कळलं नाही. बाईने हाताकडे पाहिलं.

"पोरना फोटो शे तसाच द्या, नाना."

मी दिला. ठिपकासुद्धा घातला नाही.

तो गेम माझ्या फोनमध्ये अजून जुनाच आहे, पहिल्या महिन्यातला. नवा घेतला की चेहरा बदलेल, म्हणून मी घेत नाही. दुपारी स्टुडिओ रिकामा झाला की लावतो. मला खेळता येत नाही, पहिल्याच नाल्यात पडतो, म्हणून तिला नुसती उभी करून ठेवतो. पेटी खांद्याला लावून, एक डोळा अर्धवट मिटून, ती पुढच्या डोंगराकडे बघत असते. फोन रोज विचारतो, अपडेट करायचं का. मी 'नंतर' दाबतो. परवापासून खाली नवी ओळ येते आहे, की ही जुनी आवृत्ती पुढच्या महिन्यात बंद होईल.

काल मी तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर तळहात धरून पाहिला. मग हात सरकवला. कोपऱ्यातली खुर्ची मी कोणाला दिलेली नाही.