भाभी क्रिटिकल

"सर, इसको अंग्रेजी में क्या बोलते?"

असं विचारताना भाई गाडीच्या टपावर दोन बोटांनी टकटक करायचा. राहायला आमच्याच गल्लीत, धंदा पर्यटकांना अजिंठा दाखवून आणण्याचा. पर्यटक मागच्या सीटवर दिवसभर इंग्रजीत कुरकुरायचे. "शिव्या खायला ना नाय सर, पण कोणती खाल्ली ते तर कळावं."

मी क्रांती चौकात इंग्रजीचे क्लास घेतो. असा आयता शिष्य मिळाल्यावर माझी विद्वत्ता नुसती उतू जायची. 'ब्लेम' म्हणजे ठपका. 'नॅग' म्हणजे एकसारखी भुणभुण. 'निटपिक' म्हणजे डोक्यातल्या लिखा वेचाव्यात तशा चुका वेचणं. भाई हसून म्हणाला, "मंग ही अंग्रेजी आमच्या घरातलीच निघाली." त्याच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या तोंडाचा पट्टा गल्लीला ठाऊक होता. माझी तिरकी स्कूटर दिसली की त्यांच्या वरच्या खिडकीतून आवाज यायचा, "सर, गाडी लगाई के फेंकी?"

या सगळ्याला मिळून एकच शब्द नाही का, असं त्यानं एकदा विचारलं. मी म्हटलं, 'क्रिटिकल'. दवाखान्यात म्हणतात तेच ना, अशी त्याला शंका. तो अर्थ दवाखान्यापुरता, मी ऐटीत सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी बातमी यायची, "आज भाभी क्रिटिकल, सर. नमक का झगडा."

एका दुपारी क्लासमधून बाहेर आलो तर मोबाईलवर त्याचा मेसेज. 'आपके भाभी क्रिटिकल. देखो ना जरा.'

मी हसलो. 'देख रहा हूँ, भाई,' असं लिहून खाली हसरे चेहरे टाकले आणि घरी न जाता चौकातच चहाला बसलो.

नंतर कळलं, भाभींनी त्याला अजिंठ्याजवळ फर्दापूरला फोन केला होता, आणि त्यांची जीभ जड पडत होती. मी शेजारी, म्हणून त्यानं मला कळवलं. मी निघालोच असं समजून तो निम्मी वाट निर्धास्त आला. चेहरे बोट लागून गेले असतील, असं त्याला वाटलं. शेवटी खालच्या किराणावाल्यानं भाभींना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

दवाखान्यात मी भाईसमोर उभा राहिलो. चुका काढायचे सगळे शब्द मीच त्याला दिले होते. एखादा तरी माझ्या तोंडावर मारील म्हणून मी वाट बघत होतो. तो एवढंच म्हणाला, "साफ लिखना था मेरेकू."

भाभी वाचल्या, पण बोलेनाशा झाल्या. भाईनं एकदा मुद्दाम चहात मीठ घातलं. त्यांनी तो मुकाट्यानं पिऊन टाकला. हे मला सांगताना त्यानं टपावर टकटक केली नाही.

पुढं बिऱ्हाड फर्दापूरला गेलं, भाभींच्या भावाकडं. माझी स्कूटर तिरकी लागते, वरून कुणी बोलत नाही.

परवा मेसेज आला. 'आपके भाभी क्रिटिकल.'

लगेच फोन लावला. "कोणता अर्थ, भाई?"

फोन त्यानं दुसरीकडं धरला असावा. लांबून एकेक शब्द ओढत आवाज आला, "गाडी... लगाई... के फेंकी?"

मला माफी मागायची होती. पण भाभींचं बोलणं अजून संपलं नव्हतं.