दोन ठिपक्यांचे चिंचोके

लग्नाला वर्ष उलटलं तरी रत्नम्मा नवऱ्याला मामाच म्हणायची. होताच तो मामा! आईचा धाकटा भाऊ वीरण्णा, निलंग्यात किराणा दुकान चालवणारा साधा माणूस. आणि सासू कोण, तर सख्खी आजी, शरणम्मा. पुण्यामुंबईकडच्यांनी ऐकलं तर तोंडात बोट घालतील. पण रत्नम्माच्या माणसांत भाचीवर पहिला हक्क मामाचा, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

थोरला बसवंत जन्मतःच ठार बहिरा निघाला. ‘ही ग्रहणात विळीवर बसली होती,’ असं शरणम्माने जाहीर केलं आणि विषय मिटला. रत्नम्मानेही ते खरं मानलं, आणि पुढे सतरा वर्षं विळी दिसली की ती पायाने कोपऱ्यात सरकवायची. बसवंतच्या पाठीवर तीन वर्षांनी रुद्राणी झाली. बारशाला पाळण्याची दोरी हातात असतानाच रत्नम्माने धाकट्या भावाला शब्द दिला, “शिवमूर्ती, ही तुझी.” शिवमूर्ती दहा वर्षांचा होता आणि त्याचं सगळं लक्ष घुगऱ्यांच्या परातीकडे होतं.

दोन्ही लेकरं माहेरी ठेवून रत्नम्मा गणित घेऊन पदवीधर झाली, मुलींच्या शाळेत बाई झाली. लातूर वेगळा जिल्हा झाला तशी शिक्षकांच्या प्रशिक्षणांची लाट आली. शाळेत जीवशास्त्राला कुणी नव्हतं, म्हणून आनुवंशिकता गणिताच्या बाईंच्या गळ्यात पडली. लातूरला आठ दिवस जाऊन ती चिंचोक्यांचा खेळ शिकून आली. खेळ सोपा. एक पिशवी आईची, एक बापाची. दोन्हींत चिंचोके, त्यांतल्या काहींवर चुन्याचा ठिपका, म्हणजे लपून राहिलेला दोष. न बघता दोन्हींतून एकेक काढायचा. ते झालं मूल. एकच ठिपका आला तर मूल धडधाकट. दोन आले तर दोष उघडा पडतो. पिशव्या दोन लांबच्या गावांच्या पोत्यांतून भरल्या तर ठिपक्याला ठिपका क्वचित भेटतो. एकाच पोत्यातून भरल्या तर पुष्कळदा.

प्रशिक्षणात रत्नम्माच्या हातात पाचव्याच खेपेला दोन ठिपके आले. तिच्या आणि वीरण्णाच्या पिशव्या तर एकाच पोत्यातल्या. विळीचा काही दोष नव्हता. तिचाही नव्हता. आणि हे सांगायचं कुणाला?

त्यात ते वर्ष कोरडं ठणठणीत. निलंग्यात टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि त्यावर बायकांची डोकी फुटायची. रत्नम्माच्या घरी मात्र एक दिवसाआड शिवमूर्तीची बैलगाडी यायची, माहेरच्या विहिरीचं पाणी भरलेले दोन बॅरल घेऊन. “अक्का, भरून घे गं,” एवढंच तो म्हणायचा. असा भाऊ शोधून सापडायचा नाही, हीच तर अडचण होती! शरणम्मा बॅरलवर हात ठेवून म्हणायची, “अक्षय तृतीयेला साखरपुडा उरकू. पोरगी घरच्या घरात ऱ्हाईल.”

आपली लेक आपल्याच वर्गात, दहावीला. रत्नम्माने चिंचोके खेळवले आणि मुलींना घरचा तक्ता काढून आणायला सांगितला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, ज्याच्यात दोष त्याची आकृती काळी. निम्म्या वर्गाच्या वह्यांत दुहेरी रेघा निघाल्या आणि मुली खुसखुसू लागल्या.

रुद्राणी वही घेऊन टेबलापाशी आली. तिच्या तक्त्यात शाईची दुहेरी रेघ होती, तिच्याखाली बसवंतचा काळा चौकोन. शेजारी ती स्वतः, आणि तिच्यापासून शिवमूर्तीमामापर्यंत पेन्सिलीने काढलेली आणखी एक दुहेरी रेघ. त्या रेघेखाली एक चौकोन, कोरा.

वर्गात ती आईला बाईच म्हणायची. “बाई, हा काळा करू का मोकळा ठेवू?”

“मोकळा ठेव,” रत्नम्मा म्हणाली, कारण शास्त्रही त्याहून जास्त सांगू शकत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने घरात सांगून टाकलं. रुद्राणीचा साखरपुडा होणार नाही.

“चिंचोक्यावरून सोयरीक मोडायलीस व्हय गं?” शरणम्मा म्हणाली. “आन पाळण्यापाशी दिलेला शब्द?”

“शब्द मी दिला होता. रुद्राणीने न्हाई.”

वीरण्णा हळूच म्हणाला, “म्हंजे आपलं लगीन चुकलं म्हन की.” बसवंत समोरच बसून सगळ्यांच्या ओठांकडे बघत होता.

माहेरी निरोप गेला. आता गाडी येणार नाही, असं धरून तिसऱ्या दिवशी रत्नम्मा घागर घेऊन उंबऱ्यात आली, तर गाडी उभी. बॅरल दोनच, काठोकाठ. शिवमूर्ती पाणी उतरवू लागला. गाडीत आई बसली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. ती खाली उतरली नाही.

“अव्वा, आत ये ना.”

“पानी नातवंडांसाठी आनलंय,” आई म्हणाली.

आठ मैल उन्हातून आलेली म्हातारी. ओठ पार सुकलेले. रत्नम्माने धावत जाऊन तांब्या भरून आणला आणि वर धरला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “सोयरीक न्हाई, तर तुझ्या घरचं पानी न्हाई,” ती म्हणाली आणि शिवमूर्तीला म्हणाली, “हाक.”

गाडी वळणाआड गेली तरी रत्नम्माचा हात वरच होता. मग तिने तांब्या परत बॅरलात ओतला. त्या वर्षी पाणी सांडायची सोय नव्हती.