स्लॅबवरची फवारणी

राळेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या या गृहस्थांना जगातल्या सगळ्या रोगांवर एकच इलाज ठाऊक आहे. पाठीवर पंप अडकवायचा आणि फवारायचं. पावसाळ्यात त्यांच्या स्लॅबवर हिरवंगार शेवाळ धरतं, कारण पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला अडकून पाणी साचतं. पाला काढून खराट्याने घासलं असतं तर काम भागलं असतं. पण वाकायचं म्हटलं की यांना कमीपणा वाटतो.

"घासत कायले बसू, वयनी? सोयाबीनचं तणनाशक उरलं हाये. तण काय अन् शेवाळ काय!" असं म्हणून त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, जणू मोठा शोधच लावला.

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या स्लॅबचं पाणी माझ्या दोडक्याच्या वेलापाशी पडते."

"काही नाही होत जी." हे वाक्य ते नेहमी दोनदा म्हणतात, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

फवारलं. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला. शेवाळ थोडं पिवळं पडलं आणि पुन्हा जोमाने वाढलं. वेल मात्र मुळापासून करपला. त्याचेच दोडके मी त्यांच्याही घरी देत होते.

काल सकाळी ते कुंपणाशी आले, वेलाकडे पाहून हळहळले. "काहून वाळून राह्यला हो हा? रोग पडला वाटते."

मी तोंड उघडायच्या आत ते घरात गेले आणि तोच पंप पाठीवर अडकवून परत आले.

"सरका वयनी, फवारून देतो."